नाल्याचा गाळ आणि गाळाचे मानकरी

प्रश्न : आइन्स्टाईनच्या मुलाने म्हणे नदीच्या गाळावर संशोधन केले आणि त्याच्या नावाने पुरस्कारही देतात. खरे आहे का? गाळात शोधण्यासारखे असते तरी काय?
– एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : खरे आहे. हान्स अल्बर्ट आइन्स्टाईन (1904–1973) हे थोरले चिरंजीव, अमेरिकेत बर्कले विद्यापीठात प्राध्यापक होते. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 1988 मध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. त्यांचा 1950 चा गाजलेला अहवाल छापला तो मात्र तिथल्या कृषी खात्याने. शेवटी वाहून जाते ती शेतातलीच माती! नदीच्या तळाचा खडा सलग घरंगळत नाही, उडी घेतो, थांबतो, पुन्हा उचलला जातो. एकेक खडा कधी हलेल ते सांगता येत नाही, पण हजारोंचा हिशेब शक्यतेच्या गणिताने लागतो, हे त्यांनी दाखवले.

नद्यांचाच अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ल्यूना लिओपोल्ड आणि गॉर्डन वोल्मन यांना 2006 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. तळाच्या दगडांचा आकार मोजण्याची वोल्मन यांची 1954 ची पद्धत तर तुमच्या मुलांनाही जमेल, खर्च एका पट्टीचा. कोरड्या नाल्यात आडवे चालायचे, प्रत्येक पावलाला मान वळवून बोटाला पहिला लागेल तो दगड उचलायचा. असे 100 दगड. लांबी नाही, जाडीही नाही, मधली रुंदी मोजायची. लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की मधोमध येणारा आकार हा त्या तळाचा आकार. खाली बघून उचलले तर हात हमखास मोठ्या, देखण्या दगडाकडे जातो आणि आकडा फुगतो. काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात दगडच नसतात. तिथे हे करू नका.

प्रश्न : पुराच्या पाण्यातून किती माती जाते, ते विज्ञान प्रदर्शनासाठी मोजायचे आहे. कसे मोजावे?
– इयत्ता नववीचे विद्यार्थी, जि. वाशीम

उत्तर : मोठ्या माणसांना सोबत घ्या आणि पुलावरूनच मोजा, पाण्यात उतरू नका. लिटरच्या बाटलीच्या बुचाला दोन नळ्या बसवा : एक पाण्यासाठी, प्रवाहाकडे तोंड करून, दुसरी हवा बाहेर पडायला. बाटली बांबूला बांधून एकाच चालीने तळाजवळ न्या आणि त्याच चालीने वर आणा. रेती तळालगत चालते, म्हणून नुसते वरचे पाणी घेतले की ती सुटते. बाटली पाऊण भरली की बस. काठोकाठ भरल्यावर पाणी आतबाहेर होत राहते, माती आतच साचते आणि उत्तर जास्त येते.

किती पाणी आले ते आधी मोजा. रेती मिनिटभरात बसते, काळ्या मातीची चिकण दोन दिवसही बसत नाही. चिमूटभर तुरटी टाका. नितळ पाणी ओता, उरलेले वाळवून तोला, भांड्याचे वजन वजा करा. खारपाणपट्ट्यातले पाणी असेल तर नितळ पाणी पूर्ण काढाच, नाहीतर मीठही मातीत तोलले जाईल. लिटरमागे 3 ग्रॅम निघाले आणि नाला सेकंदाला 2 घनमीटर वाहत असेल, तर सेकंदाला 6 किलो, तासाला 21.6 टन माती!

सेकंदाला किती पाणी वाहते ते काढण्यासाठी नाल्याचा छेद (आडवा काप, म्हणजे रुंदी आणि खोली) उन्हाळ्यातच मोजून ठेवा, पुरात फक्त पातळी टिपा. नारळ 10 मीटर किती सेकंदांत जातो ते पाहून वेग काढा, 0.85 ने गुणा (वरचे पाणी सरासरीपेक्षा जोरात धावते), मग छेदाच्या क्षेत्रफळाने गुणा.

प्रश्न : मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ शेतात टाकायचा आहे. कुठला घ्यावा?
– एक शेतकरी, जि. भंडारा

उत्तर : पाणी आत येते त्या तोंडाशी रेती पडते, बारीक गाळ संथ पाण्यात पाळीकडे (तलावाच्या बांधाकडे) जाऊन बसतो. शेताला तोच हवा. पण पाळीच्या पायथ्याला हात लावू नका, पाळ खचते. किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून आखून घ्या. गाळ संपून मुरूम लागला की थांबा, नाहीतर तलाव झिरपू लागेल. एकरभर एक इंच थराला सुमारे 100 घनमीटर गाळ लागतो. 3 घनमीटरची ट्रॉली असेल तर 33-34 खेपा. हा गाळ बरड जमिनीसाठी. आधीच भारी, पाणी धरणाऱ्या बांधीत (भातखाचरात) टाकलात तर चिखल तेवढा वाढेल.