कारखाना चालला मेक्सिकोला, ४०१के मोडून घर मोकळं करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमधे ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत १९ वर्षं झाली, आता लाइन मेक्सिकोला चाललीय आणि ३१ ऑगस्ट २०२६ शेवटचा दिवस. वय ५४, नोव्हेंबरमधे ५५ पूर्ण. ४०१के मधे, म्हणजे कंपनीतून साठवलेल्या निवृत्तीच्या खात्यात, २,१०,००० डॉलर, घराचे ९२,००० बाकी, व्याज २.९ टक्के, बायकोची पार्ट टाइम नोकरी. प्लॅन असा की ४०१के मधून घर फेडून टाकायचं आणि मग दोन वर्षं सरकारी ट्रेनिंग घेत भत्त्यावर काढायची, कारण मित्राने २०१४ ला तसंच केलं होतं.

दादा, मित्र थापा मारत नाहीये, पण तो सांगतोय ते दुकान बंद झालंय. त्याला मिळालं ते ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, टीएए. १९६२ पासूनची स्कीम, काम परदेशात गेलं किंवा आयातीमुळे गेलं की कारखान्यातले तीन कामगार मिळून पिटिशन करायचे, सर्टिफिकेट मिळालं की ट्रेनिंगची फी सरकार भरायचं आणि ट्रेनिंग चालू असेल तर बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत पैसे यायचे. पन्नाशीच्या पुढच्यांना तर अजून एक होतं, नवीन नोकरीत पगार कमी मिळाला तर फरकातला अर्धा भाग, दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरपर्यंत. तुमच्यासाठी हेच सगळ्यात कामाचं होतं बघा. पण काँग्रेसने मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून लेबर डिपार्टमेंटला नवीन कारखाने सर्टिफाय करता येत नाहीत, आधी सर्टिफाय झालेल्यांचंच काय ते चालू राहिलं. उद्या परत सुरू झाली तर उत्तमच, पण त्या भरवशावर घराचं बजेट बसवू नका.

मग हातात काय राहतं? मिशिगनचा बेकारी भत्ता, २०२६ मधे आठवड्याला जास्तीत जास्त ५३० डॉलर, २६ आठवडे, म्हणजे सगळा मिळाला तरी १३,७८० आणि त्यावरही टॅक्स लागतो, तेव्हा क्लेम भरतानाच १० टक्के कापायला सांगा, नाहीतर एप्रिलमधे तोंड वाकडं होतं. ट्रेनिंगसाठी मिशिगन वर्क्सच्या, म्हणजे राज्याच्या रोजगार केंद्राच्या, ऑफिसात जाऊन डिस्लोकेटेड वर्कर (कारखाना बंद झाल्याने नोकरी गेलेला) म्हणून नाव घाला, तिथे फीचे पैसे मिळू शकतात पण फंड मर्यादित असतो आणि कोर्स त्यांच्या यादीतलाच लागतो, आधी स्वतः फी भरून नंतर बिल घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. आणि कोर्स चालू आहे म्हणून टीएए सारखा भत्ता १३० आठवड्यांपर्यंत लांबत नाही, बजेट २६ आठवड्यांचंच धरा, मंजूर ट्रेनिंगसाठी काही वाढीव आठवडे मिळतात का ते मात्र विचारा.

आता घराचं. ९२,००० हातात यायला ४०१के मधून साधारण १,१८,००० काढावे लागतील, कारण यावर्षीचा आठ महिन्यांचा पगार आणि बायकोचा पगार आधीच डोक्यावर आहे, त्यामुळे काढलेल्यातला बराचसा भाग २२ टक्क्यांत जातो, वर मिशिगनचे ४.२५. म्हणजे २६,००० च्या आसपास टॅक्स. तुमचा हप्ता ८८४ डॉलर आहे, म्हणजे टॅक्सला जाणाऱ्या पैशात जवळपास अडीच वर्षांचे हप्ते बसतात! २.९ टक्क्यांचं कर्ज फेडायला एवढी घाई कशाला? आपल्याकडे कर्ज म्हटलं की झोप लागत नाही, माझ्या वडिलांचंही तेच होतं, समजतं मला. पण नोकरी नसताना घराच्या भिंतीत अडकलेला पैसा बँक परत काढू देत नाही, तुम्हाला पगाराची स्लिप विचारेल.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्ही मेलमधे सहज लिहिलीत आणि मला तिथेच धस्स झालं, तो सेमिनारवाला एजंट म्हणतोय की सगळं आयआरए मधे, म्हणजे स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात, रोल करा (वळवा). नका करू, निदान आत्ता तरी नको. ज्या कॅलेंडर वर्षात तुम्ही ५५ चे होता त्याच वर्षी नोकरी सुटली तर त्या कंपनीच्या ४०१के मधून पैसे काढायला १० टक्के दंड नाही, फक्त टॅक्स. वाढदिवस नोव्हेंबरमधे आणि नोकरी ऑगस्टमधे सुटली तरी चालतं, वर्ष एकच आहे. तेच पैसे आयआरए मधे गेले की साडेएकोणसाठ वर्षांपर्यंत दंड परत लागू. नशीब म्हणा की कारखाना गेल्या डिसेंबरमधे बंद नाही झाला.

माझं म्हणणं सरळ आहे, ४०१के तिथेच राहू द्या, हप्ता चालू ठेवा, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देईल ती रक्कम) आणि भत्ता आधी वापरा आणि कमी पडलं तर पुढच्या वर्षी, पगार नसेल तेव्हा, थोडेथोडे काढा. हेल्थ इन्शुरन्ससाठी कोब्रा, म्हणजे कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं, परवडणार नाही, पूर्ण प्रीमियम आणि वर २ टक्के, त्यापेक्षा मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारात, नोकरी सुटल्यापासून ६० दिवसांच्या आत बघा. तिथेही सबसिडी उत्पन्नावर ठरते, अजून एक कारण मोठी रक्कम एकदम न काढण्याचं.

एक काम मात्र ३१ ऑगस्टच्या आधी करा. काही प्लॅन नोकरी सोडल्यावर थोडेथोडे काढू देत नाहीत, सगळे घ्या नाहीतर काही नको असं असतं. एचआरला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, कारण सप्टेंबरमधे त्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नसेल.