ग्रंथालयातले रोजचे तीन तास

प्रश्न : मी विद्यापीठात एम.ए. (मराठी) पहिल्या वर्षाला आहे. ‘कमवा व शिका’ योजनेतून रोज तीन तास ग्रंथालयात परत आलेली पुस्तके जागेवर लावते. हे काम मला आवडते, पण वडिलांच्या मते ही हमाली आहे आणि तो वेळ मी स्पर्धा परीक्षेला द्यावा. या अनुभवावर पुढे ग्रंथपाल होता येईल का?

उत्तर : आधी दुसरा भाग स्पष्ट करतो, कारण त्याबाबत अनेकांचा गैरसमज असतो. केवळ या अनुभवावर ग्रंथपाल होता येत नाही. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल किंवा महाविद्यालयात ग्रंथपाल होण्यासाठी ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवावी लागते आणि त्याच विषयात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, पीएच.डी.धारकांना नियमांनुसार सूट मिळू शकते. तुमची मराठीतली एम.ए. येथे पर्याय म्हणून चालत नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) आणि मग एम.लिब. (पदव्युत्तर पदवी) अशी बहुतेक ठिकाणी दोन वर्षे धरा. नोकरी सांभाळून शिकायचे झाल्यास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही मार्ग आहे.

आता हमालीविषयी. तुमच्या हातातल्या पुस्तकाच्या कण्यावरचा क्रमांक ड्यूई दशांश पद्धतीचा, म्हणजे विषयवार क्रमांक देणाऱ्या वर्गीकरणाचा, असेल, तर ३३१.१२ हे पुस्तक ३३१.२ च्या आधी लागते, नंतर नव्हे. नवखा विद्यार्थी बारा दोनांपेक्षा मोठे म्हणून ते हमखास नंतर लावतो, आणि त्या क्षणी ते पुस्तक हरवते; संगणकावर ते ‘उपलब्ध’ दिसते, वाचक मात्र रिकाम्या हाताने परत जातो. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये का आले, भाषाशास्त्राची पुस्तके तिथून इतकी दूर का, हे प्रश्न मांडणीपाशी उभे राहून पडू लागले की वर्गीकरणाचा अभ्यास सुरू झालाच म्हणायचा. बी.लिब.च्या वर्गात तो रुक्ष वाटतो. ज्याने हजार पुस्तके हाताळली आहेत, त्याला तो तितका रुक्ष वाटत नाही.

मात्र वर्षभर केवळ पुस्तकेच लावत राहिलात, तर वडिलांचे म्हणणे काही अंशी खरे ठरेल. ग्रंथपालांना भेटून देवघेव, नियतकालिके आणि संदर्भ विभागात आळीपाळीने काम मागा. कोहा किंवा सोल यांसारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत पुस्तकाची नोंद कशी होते, ते पाहून घ्या. संशोधक विद्यार्थ्याला शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध शोधून देण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नका. विनंती केल्यावर बहुतेक ग्रंथपाल आनंदाने शिकवतात. अडचण एवढीच, की विद्यार्थी सहसा विचारतच नाहीत.

स्पर्धा परीक्षेबाबत माझे मत असे, की तीन तास सोडल्याने अभ्यास आपोआप वाढत नाही, उलट मानधन मात्र थांबते. तरीही ग्रंथपालांच्या कायम जागा मोजक्या असतात आणि भरती रखडते, ही वडिलांची चिंता निराधार नाही. म्हणून एम.ए. पूर्ण करा, बी.लिब.चा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्या, आणि तोवर कोणत्या विभागात कोणते काम केले याचा तपशील लिहिलेले प्रमाणपत्र ग्रंथपालांच्या सहीने घेऊन ठेवा. नुसते ‘काम समाधानकारक’ असे लिहिलेला कागद पुढे फारसा उपयोगी पडत नाही.