१९१४ चे बोस्टन ब्रेव्हज: नशीब कमी, पिचिंग जास्त

तुमचा प्रश्न असा की बोस्टन ब्रेव्हजसारखी ४ जुलैला तळाला असलेली बेसबॉल टीम ऑक्टोबरमधे वर्ल्ड सिरीज (दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत) जिंकते म्हणजे निव्वळ नशीबच ना. मला नाही वाटत तसं. नशीब होतंच थोडं, पण 'मिरॅकल ब्रेव्हज' हे नाव इतकं चिकटलंय ना त्यांना, की लोक आकडे बघायचेच सोडून देतात.

आधी तळ म्हणजे कुठला तळ ते बघू. नॅशनल लीग म्हणजे त्या दोन मोठ्या लीगपैकी ब्रेव्हजची, तिच्यात आठ टीम्स, सीझनला १५४ मॅचेस. बोस्टन १९०९ ते १९१२ सलग चार वर्षं शेवटचे, १९१२ ला तर १०१ मॅचेस हरले. १९१३ ला जॉर्ज स्टॉलिंग्ज मॅनेजर म्हणून आला आणि पाचव्या नंबरवर आणलं, म्हणजे सुधारणा आधीच सुरू झाली होती हे लक्षात घ्या. १९१४ ची सुरुवात मात्र भयानक, ४ जिंकल्या १८ हरल्या. ४ जुलैला ब्रुकलिनकडून एका दिवसात दोन मॅच हरून २६-४० वर (२६ जिंकल्या, ४० हरल्या) आले आणि पहिल्या नंबरवरच्या, मॅनेजर जॉन मॅग्रॉच्या न्यूयॉर्क जायंट्सच्या १५ गेम मागे. मग एका खालच्या लीगच्या टीमने, बफेलोने, प्रदर्शनीय मॅचमधे धुतलं ते वेगळंच.

पण आता जरा वजाबाकी करा. २६-४० मधून ते पहिले ४-१८ काढले की उरतात २२-२२. म्हणजे मधला दीडेक महिना ही टीम बरोबरीत खेळत होती, फक्त सुरुवातीचा खड्डा इतका खोल होता की टेबलवर ते दिसतच नव्हतं. त्यानंतर ६८-१९. हो, ८७ पैकी ६८!! शेवटी ९४-५९, आणि जायंट्स ८४-७० वर, साडेदहा गेमचा फरक. शेवटच्या बॉलवर सिक्स मारून जिंकल्यासारखा प्रकार नाहीये हा, सरळ सरळ चिरडलंय.

कसं? तर तीन हात, म्हणजे तीन पिचर (बॉल टाकणारे). डिक रुडॉल्फ २६ विजय, बिल जेम्स २६-७, लेफ्टी टायलर १६. तेव्हा थुंकी लावून टाकलेला स्पिटबॉल कायदेशीर होता आणि रुडॉल्फ आणि जेम्स दोघंही तो टाकायचे. शिवाय तो डेड-बॉलचा काळ, तोच मळका मऊ झालेला बॉल बराच वेळ चालवायचे, रन्स निघायचेच कमी, त्यामुळे चांगले पिचर आणि चांगली फील्डिंग असली की अर्धं काम झालं. फील्डिंगला सेकंड बेसवर जॉनी एव्हर्स, शिकागो कब्जमधून आलेला, कॅप्टन, तोंडाचा फटकळ, आणि शेजारी शॉर्टस्टॉपला रॅबिट मॅरनव्हिल, वय २२. मॅरनव्हिलची बॅटिंग ॲव्हरेज .२४६, म्हणजे चारातून जेमतेम एकदा हिट, तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या चाल्मर्स अवॉर्डच्या मतांत तो दुसरा! पहिला एव्हर्स, तिसरा जेम्स. बॅटिंग किती दुय्यम होती ते यावरून कळेल.

स्टॉलिंग्जचं खरं डोकं दिसतं आउटफिल्डमधे. तिथे स्टार कोणीच नाही, मग समोर उजव्या हाताचा पिचर असेल तर डावखुरे बॅटर, डावखुरा पिचर असेल तर उजवे, अशी रोज अदलाबदल. जो कॉनली .३०६ मारायचा पण त्याला मुख्यतः उजव्या पिचरसमोरच खेळवायचे. आज ह्याला प्लॅटूनिंग म्हणतात आणि सगळे करतात, तेव्हा इतक्या पद्धतशीरपणे कोणी फारसं करत नव्हतं. (बाकी माणूस टोकाचा अंधश्रद्ध होता, डगआउटजवळ (खेळाडू बसतात ती जागा) कागदाचे कपटे दिसले की बिथरायचा, आणि समोरच्या टीम्स मुद्दाम टाकायच्या म्हणे.)

ग्राउंडचं पण सांगतो. त्यांचं स्वतःचं साउथ एंड ग्राउंड्स छोटं आणि जुनाट, गर्दी वाढली तशी बोस्टनच्याच दुसऱ्या टीमच्या, रेड सॉक्सच्या मालकाने त्यांचं फेनवे पार्क वापरायला दिलं. ७ सप्टेंबरला लेबर डेच्या दोन मॅचना मिळून ७० हजारांच्या वर माणूस, जायंट्सविरुद्ध एक जिंकली एक हरली, दुसऱ्या दिवशी जिंकून पहिला नंबर घेतला तो परत सोडलाच नाही.

वर्ल्ड सिरीजला समोर मॅनेजर कॉनी मॅकचे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, १९१०, १९११, १९१३ चे चॅम्पियन. आणि ब्रेव्हजचा थर्ड बेसमन रेड स्मिथ सीझन संपताना पाय मोडून बाहेर. तरी ४-० !! ॲथलेटिक्सची टीम ॲव्हरेज .१७२, कॅचर हँक गाउडीने एकट्याने .५४५ मारलं, रुडॉल्फ आणि जेम्सने दोन-दोन जिंकल्या. दुसरी मॅच १-० आणि तिसरी १२ इनिंग्ज चालून ५-४, तुम्ही म्हणता ते नशीब शोधायचं तर ह्या दोन मॅचमधे शोधा, इकडे तिकडे होऊ शकल्या असत्या. पहिली ७-१ होती, तिथे काही बोलायला जागा नाही.

आणि हे दरवर्षी का नाही जमलं, तर तेच, तीन हात. जेम्सचा खांदा गेला, १९१५ ला जेमतेम ५ विजय आणि करिअर जवळपास संपलंच. ब्रेव्हज दुसरे आले, १९१६ ला तिसरे, आणि पुढचं लीग टायटल थेट १९४८ ला. मॅकने तर टीमच मोडली, स्टार सेकंड बेसमन एडी कॉलिन्स विकला, पिचर बेंडर आणि प्लँक फेडरल लीग या नव्या प्रतिस्पर्धी लीगला गेले, आणि १९१५ ला ॲथलेटिक्स ४३-१०९ करून शेवटचे.