बोटांत स्नायूच नसतात असं वाचलं, मग बोटं हलतात कशी?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. केसांच्या मुळाशी असणारे, अंगावर काटा आणणारे बारीक स्नायू सोडले तर बोटांत स्नायू नाहीत. हाडं, सांधे, नसा, रक्तवाहिन्या आणि कंडरा, एवढंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हातावर काम करताना याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

उजव्या हाताने डाव्या कोपराखालचा मांसल भाग धरा आणि डाव्या मुठीची उघडझाप करा. पकडीखाली जे फुगतं आणि सैलावतं, तेच बोटं मिटवणारे आणि उघडणारे स्नायू. मनगटाकडे येता येता ते निमुळते होतात आणि त्यांच्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या होतात. त्या कंडरा. मिटवणाऱ्या नऊ कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात, त्यांच्यासोबत एक नसही. तिथे जागा कमी पडली की अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, त्या या नसेमुळे.

अंगठा सोडून प्रत्येक बोटाला मिटवणाऱ्या दोन कंडरा असतात. वरची मधल्या पेराला चिकटते, पण त्याआधी दुभंगते, आणि त्या फटीतून खालची पुढे निघून शेवटच्या पेरापर्यंत पोचते. मला तरी शरीरात याहून देखणी रचना दिसलेली नाही.

स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून बोट उघडायला मागच्या बाजूला वेगळे स्नायू लागतात. त्यांच्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. तळहात टेबलावर टेका, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बहुतेकांची उचलत नाही.

बोटं फाकवणं, जवळ आणणं, अंगठा फिरवणं अशी नाजूक कामं बरीचशी तळहातातले छोटे स्नायू करतात.

आता एक कळकळीची गोष्ट. काचेने किंवा सुरीने बोटाला आतल्या बाजूने कापलं, रक्त थांबलं, जखमही भरली, आणि काही आठवड्यांनी ‘बोटाचं टोक वाकत नाही’ म्हणून माणसं येतात. आत कंडरा तुटलेली असते. तिला ओढणारा स्नायू दूर कोपराजवळ असल्याने तुटलेलं टोक तळहातापर्यंत, कधी त्याहूनही मागे सरकतं. जितका उशीर, तितकं ते परत जोडणं अवघड. म्हणून अशी जखम झाली की दुसऱ्या हाताने त्या बोटाचं मधलं पेर सरळ धरून ठेवा आणि फक्त टोक हळूच, जोर न लावता वाकवून पाहा. वाकलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वाकलं, पण दुखतंय किंवा टोकाला बधिरपणा आहे, तरीही दाखवाच, कारण अर्धवट तुटलेली कंडराही बोट वाकवू शकते.