बत्तीस तुकडे

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज पोचला. जुलैत रोज एक जलरंगचित्र करायचं ठरवलंस हे छान. त्यासाठी अठ्ठेचाळीस रंगांची पेटी मागवू का, असं विचारलं आहेस. नको मागवू. त्या पैशांत कागद घे.

जुलै हा जलरंगाचा महिना म्हणून २०१६पासून जगभरचे हौशी लोक पाळतात. ज्यांनी तो निवडला त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो. आपल्याकडे भिंतींना ओल आलेली असते. तेव्हा त्यांचे व्हिडिओ बघून घड्याळ लावू नकोस. मे महिन्यात माझा जो वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, पाच मिनिटांत वाळतो, तो जुलैत अर्धा तास ओला राहतो.

पूर्ण इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंचांची असते. शंभर टक्के कॉटनच्या, ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (म्हणजे किंचित खडबडीत) अशा दोन शीट घे. घडी घालून पट्टीच्या कडेने फाडत नेलंस की एकीचे सोळा तुकडे होतात, दोहोंचे बत्तीस. एकतीस दिवसांचे एकतीस. बत्तिसाव्याबद्दल पुढे सांगते. उरलेले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेव. मी एक चांगली शीट दोन पावसाळे कपाटावर नुसतीच ठेवली होती. रंग लावला तर टीपकागदासारखा आत शोषला गेला, वर तपकिरी ठिपके. सायझिंगच, म्हणजे रंग लगेच आत शोषू न देणारा लेपच, गेला होता.

रंग चारच पुरेत: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, क्रिमसन आणि एक पिवळा. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून पावसाळी आभाळाचे इतके करडे निघतात की तयार करड्या ट्यूबकडे बघवणार नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, तो रवाळपणा फुकटात मिळतो.

आता प्रयोग. पहिल्यांदा मी हा उद्योग केला तेव्हा रोज विषय नवा, कागद नवा, ब्रश नवा. अकराव्या दिवसाचं चित्र झकास उतरलं आणि ते कशामुळे, हे आजवर मला सांगता आलेलं नाही. म्हणून तू विषय बदलूच नकोस. घरातला स्टीलचा तांब्या घे, रोज तोच. आठवडाभर फक्त पाण्याचं प्रमाण बदल, पुढच्या आठवड्यात फक्त ब्रश. पाठीमागे पेन्सिलीने लिही: कुठले रंग, किती वाजता, पाऊस होता का.

सगळ्यात मोठा प्रयोग मात्र विकत मिळत नाही. वॉश दिलास की कागद डोळ्यांच्या पातळीला आणून खिडकीकडे तिरका धर. आरशासारखा चमकला तर थांब. चमक उतरून रेशमासारखी मंद झाली की दुसरा रंग सोड, कडा मऊ पसरतील. चमक गेली, पण पालथा हात टेकवल्यावर गार लागतंय, अशा वेळी ब्रश खाली ठेव. तेव्हा पाण्याचा एक थेंब पडला तरी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. हेअर ड्रायर आधीच लावलास तर वारा रंग ढकलत नेतो. हा खेळ हातात बसायला माझी काही वर्षं गेली, तुझा एक महिना गेला तर तक्रार करू नकोस.

रंगात ठिपक्यांची नक्षी उमटावी म्हणून मीठ टाकायचं, तेही त्या मंद चमकीलाच. पण आपल्याकडे जुलैत मिठालाच पाणी सुटतं, तेव्हा जाडं मीठ तव्यावर कोरडं भाजून, गार करून घे. वाळल्यावर सगळं झटकून टाक. मेणबत्तीचा तुकडा पावसाच्या रेघांना उत्तम, मेणावर रंग धरत नाही; फक्त एकदा ओढलेली रेघ परत झाकता येत नाही.

स्टीलवरच्या चमकीसाठी पांढरा रंग उघडायचा मोह होईल. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगातलं वाटतं, आहे जलरंगातलं. ते आठव आणि तांब्यावरचा उजेड कोरा कागद राखूनच साध.

हळद आणि गेरूने रंगवायचं तुझ्या मनात आहे, जरूर कर. त्यासाठीच तो बत्तिसावा तुकडा. त्याच्या पट्ट्या काप, डिंकाच्या पाण्यात कालवून एकीवर हळद लाव, एकीवर गेरू, उरलेल्यांवर तुझे चार रंग. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाक आणि खिडकीच्या काचेला चिकटव. हळद पुसट होईल. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज, तो ढिम्म हलत नाही. पावसाळी उजेडात महिना कमी पडला तर दिवाळीपर्यंत राहू दे.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन करत बसू नकोस. कोरा तुकडा तसाच ठेव, मागे 'ताप' किंवा 'कंटाळा' लिही.

पहिल्या आठवड्याचे सात तुकडे झाले की फोटो पाठव. आधी पाठीमागच्या बाजूचे, मग तांब्याचे.

तुझी,
मावशी