परदेश फिरताना, बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेल्या माणसाच्या हॉटेलात जेवावं का, की ते पैसे वाया घालवणं आहे?

जा. आणि जायचं तर पहिल्याच दिवशी जा. आम्ही तिसऱ्या संध्याकाळी गेलो, तोवर बायकोने दोन दिवस केळी आणि घरून नेलेली कडक भाकरी-शेंगा चटणी यांवर काढले होते.

आम्ही सोलापूरचे, माझा टॉवेलचा धंदा. आम्ही दोघं, एक मित्र आणि वहिनी असे चौघे कंबोडियात सिएम रीपला गेलो होतो, अंकोर वाट बघायला. बायका दोघीही पक्क्या शाकाहारी. समुद्रमंथनाच्या कोरीव भिंतीसमोरून बायको हलायला तयार नव्हती, पण बाहेर आल्यावर खायचं काय? तिथे फिश सॉस आपल्या मिठासारखा सगळ्यात पडतो. शिवाय प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा लगदा, तो साध्या भाजीतही असू शकतो. "नो मीट" म्हटलं की मान हलवतात, आणि मांस खरंच घालत नाहीत. फिश सॉस त्यांच्या लेखी मांसात मोडतच नाही, त्यात त्यांची तरी काय चूक?

तर जुन्या बाजारामागच्या गल्लीत एका फ्रेंच माणसाचं आठ-दहा टेबलांचं हॉटेल दिसलं. बाहेर फळ्यावर पास्ता 7 डॉलर. समोरच्या गाडीवर फ्राइड राइस अडीच डॉलरला. मित्र दारातच अडला, "सात डॉलरला काय सोनं घालतो का बे?" वहिनी म्हणाल्या, "देवळांचा तीन दिवसांचा पास माणशी 62 डॉलरला काढला, तेव्हा नाही विचारलंत." गेलो आत.

बसल्याबरोबर गार ओला नॅपकिन आला. सवयच ती, तोंड पुसायच्या आधी मी तो उलटा करून काठाची शिलाई बघितली, लूप ओढून बघितला. मालकाला वाटलं मळका निघाला, लगबगीने दुसरा घेऊन आला. मी तोही उलटा केला. शेवटी सांगावं लागलं की बाबा रे, मी हेच विकतो. तेव्हा जो हसत सुटला, तो खुर्ची ओढून आमच्यातच बसला. कंबोडियात येऊन अकरा वर्षं झालेली, बायको तिथलीच, स्वयंपाकघरात सासूचं राज्य.

पास्ता ठीकठाक होता, लसूण-मिरची-तेलाचा. वहिनींनी पर्समधून चटणीची पुडी काढलीच. खरी मजा वांग्या-टोमॅटोच्या भाजीत होती, तिच्यात ताज्या हिरव्या मिऱ्यांचे घोसच्या घोस टाकले होते. कांपोट या तिथल्याच प्रांतातली मिरी. आपल्या सोलापुरी चादरीला आहे तसं तिलाही भौगोलिक मानांकन आहे, 2010 पासून. दाताखाली फुटली की आधी सुवास येतो, मग हळूच तिखट. पुढचे दोन दिवस बायको तेवढ्याबद्दलच बोलत होती.

पण मी "जा" म्हणतोय ते जेवणासाठी नाही. बायकोची अडचण ऐकून त्याने सासूकडून एका कागदावर ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, लिहून घेतलं: मांस नको, फिश सॉस नको, प्राहोक नको, ऑयस्टर सॉस नको, मीठ आणि सोया सॉस चालेल. आमच्या लॉजवाल्याला हे दोन दिवसांत सुचलं नव्हतं. भला माणूस, पण फिश सॉस त्याला वेगळा दिसणार कसा? हा बाहेरून आलेला, सुरुवातीला त्यालाही असंच कुठेतरी अडलेलं असणार. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गाडीवालीला दाखवली. तिने ती दोनदा वाचली, हसली, कढई धुतली आणि अडीच डॉलरात बायकोला पोटभर भात दिला.

सगळीच अशी हॉटेलं चांगली नसतात. एकाच फळ्यावर पिझ्झा, बर्गर, बटर चिकन असं सगळं दिसलं तर पुढे चला. मालक स्वतः टेबलांमध्ये वावरत असेल तिथे बसा.

पैशांचं सांगतो. तिथे डॉलर चालतात, डॉलरच्या आतली मोड रिएलमध्ये मिळते, साधारण 4000 रिएलला एक डॉलर या हिशोबाने. नोटा मात्र कोऱ्या न्या. आमची एक वीसची नोट कोपऱ्यात जराशी फाटली होती. मालकाने ती उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, दिव्यासमोर धरली आणि परत दिली. म्हटलं, दुसरी देतो.