सेकंड हँड सेडान घेण्याआधी

बेटा,

डिझायर घेऊ की अमेझ, असं विचारलंस. दोन्ही चांगल्या आहेत आणि दोन्हींचं काम करणारे मेकॅनिक नागपुरात भरपूर आहेत. आई-बाबांना मागे बसवून बघ. ज्या गाडीतून त्यांना गुडघ्यांना त्रास न होता उतरता येईल, ती घे. मला खरी काळजी आहे ती गाडीच्या आधीच्या आयुष्याची.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठव. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि लेआऊटमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी शिरलं. अशा गाड्या धुऊन-पुसून, परफ्यूम मारून पुन्हा विकायला येतात. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. वायरिंगच्या कनेक्टरांत गंज हळूहळू चढतो आणि मग कधी काच खाली येत नाही, कधी मीटर बंद पडतो. एअरबॅगचाही भरवसा राहत नाही. म्हणून डिकीतली स्टेपनी बाहेर काढ आणि तिच्या खड्ड्यात, कोपऱ्यापर्यंत बोट फिरव. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. एरवी गुंडाळून आत राहणाऱ्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, सीटच्या रुळांवर गंज किंवा मॅटखाली वाळलेला गाळ सापडला, तर तिथूनच परत फिर. मालक किंमत कितीही उतरवू दे.

एसी दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात तापल्यावर लावून बघ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. चालत्या गाडीत गार वाटणारा एसी सिग्नलवर उभं राहिलं की कोमट होतो का, तेही बघ. सीएनजी किट असेल तर डिकी टाकीनेच भरते, मग सेडान घेऊन उपयोग काय?

मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड पासिंगची गाडी स्वस्त दिसेल. तिला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, शिवाय इथला रोड टॅक्स भरावा लागतो; तो धरून हिशेब कर. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ट्रान्सफर लगेच टाक. १४ दिवसांत विमाही तुझ्या नावावर व्हायला हवा.

टोकन देण्याआधी मला फोन कर. रविवारी सकाळी सोबत येतो. मालकाला मात्र आधीच सांगून ठेव, आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असतानाच ऐकायचं आहे.

तुझा काका